स्टम्पीची कुरकुर : 'रिओ ब्राव्हो'तला वॉल्टर ब्रेनन

पिटातला

हॉवर्ड हॉक्स यांचा 'रिओ ब्राव्हो' (१९५९) जॉन वेनसाठी, डीन मार्टिनने उभ्या केलेल्या दारुड्या डूडसाठी किंवा तुरुंगात बसून म्हटलेल्या गाण्यांसाठी आठवणारे पुष्कळ लोक भेटतात. वॉल्टर ब्रेननचा स्टम्पी मात्र 'तो लंगडा, बोळका, सतत बडबडणारा म्हातारा' एवढ्यावर उरतो आणि बोलणे पुढे सरकते. मला इथे त्याच्याविषयीच बोलायचे आहे. वेस्टर्नमधल्या विनोदी म्हाताऱ्याकडे आपण गोळीबारांच्या मधली विश्रांती म्हणून पाहतो. या चित्रपटात तसे पाहिले तर कथानकाचा महत्त्वाचा खिळाच निसटतो, असे माझे मत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेक्सासच्या सीमेवरच्या एका गावात जो बर्डेट नावाचा मस्तवाल माणूस दारूच्या गुत्त्यात एका नि:शस्त्र माणसाला गोळी घालतो आणि शेरीफ जॉन टी. चान्स, म्हणजे वेन, त्याला कोठडीत टाकतो. सरकारी मार्शल येईपर्यंत काही दिवस त्याला सांभाळायचे आहे, आणि जोचा श्रीमंत भाऊ नेथन भाडोत्री बंदूकबाज लावून गावाची नाकेबंदी करतो. चान्सकडे माणसे दोन : दारू सोडण्याची धडपड करणारा डूड आणि दुनळी बंदूक घेऊन कैद्यावर पहारा देणारा स्टम्पी. मित्र व्हीलर हेटाळणीच्या सुरात विचारतो की एक लंगडा म्हातारा आणि एक दारुडा, एवढेच का तुझ्याकडे आहेत. तेव्हा चान्स शांतपणे सांगतो की आहेत ते हेच आहेत. त्या उत्तरात फुशारकी नाही आणि तक्रारही नाही, हे मला फार आवडते.

आता स्टम्पीची परिस्थिती पाहा. बाकीचे लोक रस्त्यावर गस्त घालतात, हॉटेलात जाऊन जेवतात, बाईशी बोलतात. हा आतून अडसर लावलेल्या खोलीत कैद्याच्या तोंडाकडे बघत बसलेला असतो. त्याची सगळी कुरकुर या कोंडलेपणातून येते : मला कुणी काही सांगत नाही, माझे कुणी कौतुक करत नाही, मी नुसता झाडू मारायला आणि स्वयंपाकाला. एका प्रसंगी त्याचे हे रडगाणे ऐकून चान्स अतिशय गंभीर चेहऱ्याने त्याची स्तुती करतो, त्याच्या डोक्याचे चुंबन घेतो, आणि स्टम्पी संतापून त्याला झाडूचा फटका हाणतो. प्रेक्षक हसतात. मात्र त्या क्षणी स्टम्पीला जे हवे होते ते खरोखर मिळालेले असते, फक्त थट्टेच्या रूपात, कारण या पुरुषांना प्रेम दाखवण्याची दुसरी रीत ठाऊक नाही.

माझा मुख्य मुद्दा पुढे आहे. डूड आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून तुरुंगात परत येतो, आणि दारात कोण आले हे न ओळखल्यामुळे स्टम्पी त्याच्यावर गोळी झाडतो. डूड थोडक्यात वाचतो. 'आवाज न देता आत आलास तर असेच होणार', हा स्टम्पीचा खाक्या आपण विनोद म्हणून मनात ठेवतो. पुढे एके ठिकाणी बर्डेटची माणसे चान्स आणि डूड या दोघांनाही पकडतात. त्या वेळी डूडच चान्सला सांगतो की आता यांना तुरुंगापर्यंत ने, स्टम्पी एकटा आत अन्नपाण्यावाचून किती दिवस तग धरणार. शत्रूला वाटते की हा माणूस खचला. डूडला मात्र पक्के माहीत असते की ते दार उघडले की आतून काय येणार, कारण तो अनुभव त्याने स्वतः घेतलेला आहे. आणि तसेच होते. आधी हसवण्यासाठी योजलेली गोष्ट इथे त्यांचा जीव वाचवते. पटकथाकार ज्यूल्स फर्थमन आणि ली ब्रॅकेट यांची ही बांधणी मला कोणत्याही द्वंद्वापेक्षा अधिक कौतुकास्पद वाटते, आणि ती उभी राहते कारण ब्रेननने तो खाक्या आपल्याला स्वभाव म्हणून पटवलेला असतो.

इतरांची मते वाचायला आवडतील, विरोधी असली तर अधिकच.

गारगोटी

विरोधी मत मागितलेच आहे म्हणून लिहिते. पटकथेच्या बांधणीविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे, पण बांधणीचे श्रेय अभिनेत्याच्या पदरात टाकणे मला जड जाते. 'रिओ ब्राव्हो'पर्यंत ब्रेननचा हा म्हातारा एक तयार साचा झालेला होता. १९५७ पासून 'द रिअल मॅकॉईज' या दूरचित्रवाणी मालिकेत तो दर आठवड्याला लंगडत, किरकिरत, हातवारे करत आजोबा रंगवत होता. स्टम्पी पाहताना मला वाटते की तोच आजोबा हातात बंदूक देऊन इथे आणून बसवला आहे. त्याचे ते चिरके हसणे, वाक्याच्या शेवटी आवाज वर नेणे, एका वाक्यात तीन वेळा मान उडवणे, हे सगळे पहिल्या अर्ध्या तासात गंमतीचे वाटते. चित्रपट एकशे एकेचाळीस मिनिटांचा आहे.

शिवाय समोर वेन आणि मार्टिन दोघेही अत्यंत कमी हालचालीत काम करत आहेत. मार्टिनचे थरथरणारे हात, सिगारेट वळताना होणारी त्याची फजिती आणि वेनने काही न बोलता स्वतः वळलेली सिगारेट त्याच्यापुढे धरणे, यांत जे सांगितले जाते त्यासाठी स्टम्पीला वीस वाक्ये लागतात. मला ब्रेनन आवडतो, पण 'रेड रिव्हर'मधला ग्रूट म्हणून. तिथे त्याच्यावर लगाम आहे.

तिठा

ग्रूटचे नाव निघाले हे बरे झाले, कारण त्याच्याशिवाय स्टम्पी समजत नाही. 'रेड रिव्हर' १९४८ मध्ये प्रदर्शित झाला. टेक्सासमधून हजारो गुरांचा तांडा उत्तरेकडे हाकत नेणारा हट्टी टॉम डन्सन (पुन्हा वेन), त्याने वाढवलेला मॅथ्यू (माँटगोमेरी क्लिफ्ट), आणि तांड्याबरोबरची स्वयंपाकाची गाडी हाकणारा ग्रूट. ग्रूटची कवळी हा त्या चित्रपटातला चालता विनोद आहे. पत्त्यांच्या डावात तो आपली कवळी क्वो नावाच्या मूलनिवासी सोबत्याला हरतो, आणि क्वो ती त्याला फक्त जेवणापुरती परत देतो. पुढच्या सगळ्या प्रवासात ग्रूटला जेवताना कवळी मागून घ्यावी लागते.

ब्रेननचे दात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका अपघातात गेले होते, आणि पडद्यावर कवळी लावायची की काढायची हे तो भूमिकेप्रमाणे ठरवत असे. हॉक्स एक किस्सा सांगत असत, आणि हॉक्स यांच्या किश्श्यांवर थोडे जपूनच विश्वास ठेवावा. पहिल्या भेटीत ब्रेननने त्यांना विचारले, 'सह की शिवाय?' कशाच्या, असे विचारल्यावर उत्तर आले, 'दातांच्या'. हॉक्स यांनी 'शिवाय' सांगितले आणि १९३५ च्या 'बार्बरी कोस्ट'मध्ये त्याला घेतले. त्यानंतर 'कम अँड गेट इट', 'सार्जंट यॉर्क', 'टू हॅव अँड हॅव नॉट', 'रेड रिव्हर' आणि 'रिओ ब्राव्हो' अशा एकूण सहा चित्रपटांत दोघे एकत्र होते.

ग्रूटवर लगाम आहे, असे गारगोटी म्हणतात. माझ्या मते त्याला हॉक्स यांनी वेगळे काम दिलेले आहे. डन्सन हळूहळू जुलमी होत जातो, माणसांना फटके मारायची आणि फाशी द्यायची भाषा करू लागतो, तेव्हा त्याच्या तोंडावर 'मिस्टर डन्सन, तुम्ही चुकलात' असे सांगणारा ग्रूटच आहे. चौदा-पंधरा वर्षे ज्याच्या बरोबर काढली त्याला सोडून तो अखेर मॅथ्यूच्या बाजूने जातो. दुसऱ्या कुणी ते वाक्य उच्चारले असते तर ते बंड ठरले असते. ग्रूट बोलतो तेव्हा डन्सन ते ऐकून घेतो, कारण ज्याच्या कवळीवर सगळे हसतात त्याच्यावर पिस्तूल कोण रोखणार? आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला राजासमोर जी मुभा असते तशीच ही मुभा आहे.

आणखी एक गोष्ट. या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या फिरतात. एकीत प्रसंगांना जोडण्यासाठी हस्तलिखित वहीची पाने दाखवली आहेत आणि ती काही मिनिटांनी लांब आहे. दुसरीत तीच जोडणी ग्रूटच्या, म्हणजे ब्रेननच्या, आवाजातल्या निवेदनाने केली आहे. वहीची पाने वाचताना आपण इतिहास वाचतो. ब्रेननचा आवाज ऐकताना गोष्ट एका माणसाने सोसलेली वाटते. मला ही दुसरी अधिक पटते, जरी वहीवाल्या आवृत्तीचे चाहतेही थोडे नाहीत.

मंदाकिनी

तिठा यांचा प्रतिसाद छान आहे, पण क्वोचा उल्लेख इतक्या सहज करून पुढे जाऊ नये असे वाटते. त्या भूमिकेत चीफ यॉलाची हे याकामा जमातीतले कलावंत होते, जे मुळात गायक होते. कवळीच्या विनोदात विशेष असे की जिंकलेला क्वो आहे आणि हरलेला गोरा म्हातारा. त्या काळातल्या बहुतेक वेस्टर्नमध्ये मूलनिवासी माणूस एकतर टेकडीवरून बाण सोडतो किंवा हसण्याचे निमित्त होतो. इथे तो थंड चेहऱ्याने वरचढ राहतो आणि ग्रूट त्याच्यापुढे हात पसरतो. अर्थात तरीही क्वो पुन्हा एका ठरावीक ठशाचाच आहे, फारसे न बोलणारा आणि जे बोलेल ते तुटक बोलणारा, हे विसरता येत नाही.

'रिओ ब्राव्हो'मध्ये स्टम्पीच्या जोडीला आणखी एक विनोदी पात्र आहे आणि त्याच्याविषयी कुणी लिहिलेले नाही. हॉटेलमालक कार्लोस (पेद्रो गोन्झालेझ-गोन्झालेझ) आणि त्याची बायको कॉन्सुएला. कार्लोसचा विनोद त्याच्या मोडक्या इंग्रजीवर, गडबडलेल्या चेहऱ्यावर आणि बायकोपुढच्या घाबरगुंडीवर चालतो. तो मनाने चांगला आहे, मदतही करतो, पण त्याला या टोळीत जागा नाही. स्टम्पीला हसताना आपण आपल्यातल्या माणसाला हसतो, कार्लोसला हसताना बाहेरच्या माणसाला. दोन्ही विनोद एकाच चित्रपटात शेजारी शेजारी असल्याने फरक फार स्पष्ट दिसतो, आणि मला दुसरा आज पाहवत नाही.

पिटातला

कार्लोसविषयी मंदाकिनी यांच्याशी सहमत आहे. त्या भूमिकेत एका गुणी कलावंताला एकाच तालावर नाचवले आहे.

गारगोटी यांच्या आक्षेपातला सिगारेटचा मुद्दा मात्र मला उलट्या बाजूने पटतो. वेन आणि मार्टिन न बोलता काम करू शकतात कारण बोलण्याचे काम तिसऱ्याने उचललेले आहे. डूडविषयी चान्सला काय वाटते ते चान्स कधीच सांगणार नाही. डूड पुन्हा बाटलीकडे वळणार का, ही काळजी मोठ्याने बोलून दाखवतो तो स्टम्पी. गुत्त्यातून शत्रूचे वादक सूड आणि निर्दय लढाईची ती धून वाजवत राहतात, आणि ती ऐकून डूड ओतलेली दारू एकही थेंब न सांडता परत बाटलीत घालतो, त्या प्रसंगाचे वजन जाणवते ते आधीच्या या सगळ्या कटकटीमुळे. तिघेही मितभाषी असते तर ते तीन पुतळे झाले असते.

आणखी एक प्रसंग नोंदवतो. नेथन बर्डेट भावाला भेटायला तुरुंगात येतो, तेव्हा स्टम्पी त्याला त्याच बडबड्या सुरात सांगतो की बाहेर गोळीबार सुरू झाला तर आत पहिला बळी तुझ्या भावाचा जाईल. नेथनने त्याची जमीन गिळलेली असल्याने जुना हिशेबही बाकी आहे. आवाज तोच, चाल तीच, पण समोरच्या माणसाला हसू येत नाही. तो धाक स्टम्पीने टिकवला नसता तर बर्डेटने पहिल्याच रात्री तुरुंग फोडला असता आणि चित्रपट वीस मिनिटांत संपला असता.

आगगाडी

उशिरा आलो, पण ब्रेननच्या धाकाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

हा माणूस फक्त गोड म्हातारा नव्हता. जॉन फोर्ड यांच्या 'माय डार्लिंग क्लेमंटाईन'मध्ये (१९४६) त्याने क्लँटन टोळीचा बाप रंगवला आहे. सुरुवातीला तो हेन्री फोंडाच्या वायट अर्पशी गुरांच्या सौद्याविषयी सौजन्याने बोलतो, आणि त्या सौजन्यातच काहीतरी सडलेले आहे हे आपल्याला लगेच कळते. पुढे तो आपल्या दांडगट, वाढलेल्या मुलांना चाबकाने फोडून काढतो आणि शिकवतो की पिस्तूल काढायचे तर माणूस मारायचाच. एरवी हसवणाऱ्या सुरात कधी सापाचा फूत्कार असू शकतो हे पाहायचे असेल तर हा चित्रपट पाहावा. मी तो 'रिओ ब्राव्हो'नंतर पाहिला आणि काही काळ स्टम्पीकडे निर्धास्तपणे बघणे मला जमेना.

त्याच्याही आधी विल्यम वायलर यांच्या 'द वेस्टर्नर'मध्ये (१९४०) त्याने न्यायाधीश रॉय बीन केला. गुत्त्यात न्यायालय भरवून लोकांना फासावर चढवणारा आणि लिली लँगट्री या अभिनेत्रीच्या नावाने विरघळणारा. गॅरी कूपर तिच्या केसांच्या बटेचे आमिष दाखवून आपली फाशी लांबवत राहतो, तेव्हा आपण हसत असतो आणि समोरचा माणूस खुनी आहे हेही जाणून असतो. या भूमिकेसाठी त्याला साहाय्यक अभिनेत्याचे तिसरे ऑस्कर मिळाले. पहिले 'कम अँड गेट इट'साठी, हा पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, आणि दुसरे १९३८ च्या 'केंटकी'साठी. पाच वर्षांत तीन! त्या काळी चित्रपटांतल्या किरकोळ कलावंतांच्या संघटनेलाही मतदानाचा अधिकार होता, आणि ब्रेनन स्वतः त्याच गर्दीतून वर आलेला असल्याने त्यांची मते त्याला पडत, असे बोलले जाते. ते खरे धरले तरी रॉय बीनचे काम उणे होत नाही.

अँथनी मान यांच्या 'द फार कंट्री'तला (१९५४) बेन टेटम हा मला स्टम्पीचा सख्खा भाऊ वाटतो. जेम्स स्ट्युअर्टच्या तुसड्या नायकाबरोबर राहणारा, बडबड्या, कॉफीचा शौकीन. त्या दोघांना पुढे युटामध्ये एक छोटे घर घ्यायचे आहे, आणि त्या घराच्या दारावर लावायची घंटा नायकाच्या खोगिराला टांगलेली असते. बेन मारला जातो. त्यालाही कारण त्याचा कॉफीचा शौक आणि मोकळा स्वभावच ठरतो. मान यांना विनोदी सोबत्याला मारून नायकाला जागे करायचे होते. हॉक्स स्टम्पीला मारत नाहीत, ही त्यांची प्रकृती. त्यांच्या जगात टोळी टिकली पाहिजे.

गारगोटी

आगगाडी यांनी माझीच बाजू मांडली याबद्दल आभार. जो माणूस क्लँटन आणि रॉय बीन करू शकतो त्याला स्टम्पी देणे म्हणजे सोय पाहणे झाले.

आणि स्टम्पी हा ब्रेननशिवाय होऊच शकला नसता का, याची परीक्षा हॉक्स यांनी स्वतःच घेऊन ठेवली आहे. 'एल डोराडो'मध्ये जवळपास हीच गोष्ट पुन्हा सांगितली आहे. या वेळी शेरीफच दारुडा आहे, तो रॉबर्ट मिचम, आणि म्हाताऱ्याच्या जागी आर्थर हनिकट हा बुल म्हणून आहे. बुल बिगूल वाजवतो, धनुष्यबाण वापरतो, आणि सगळे काही झोपाळू, संथ सुरात बोलतो. त्याला कुणी कौतुक करावे असे वाटतच नाही. मला बुल जास्त भावतो. तो हसवतो आणि थकवत नाही.

तिठा

हनिकट मलाही प्रिय आहे, पण गारगोटी, बुलला काढून घेतले तर 'एल डोराडो'चे काय बिघडते? मिचम आणि वेन यांची जुनी मैत्री आहे, जेम्स कॅनचा पोरगा आहे, वेनच्या पाठीत रुतलेली गोळी आहे. बुल हा चांगला शेजार आहे. स्टम्पीला काढून घेतले तर तुरुंगाचे दार उघडे पडते.

तिसऱ्या वेळी, १९७० च्या 'रिओ लोबो'त, हॉक्स यांनी हीच जागा जॅक एलमला दिली. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. एलमचा डावा डोळा लहानपणीच्या दुखापतीने निकामी झालेला होता आणि त्या तिरक्या नजरेवर त्याने कितीतरी खलनायक उभे केले. 'रिओ लोबो'त तो बंदूक घेऊन चेकाळलेला म्हातारा आहे, आणि खरे सांगायचे तर त्या थकलेल्या चित्रपटात जिवंत वाटणारा तो एकटाच. म्हणजे हॉक्स एकच जागा तीन वेळा भरतात : एकदा कुरकुरीने, एकदा सुस्तीने, एकदा वेडाने. वेनच्या आसपास असा कुणीतरी त्यांना लागतच होता. वेनचे वय वाढत गेले तसा म्हातारा आणि नायक यांतला फरक कमी होत गेला, हेही पाहण्यासारखे आहे. 'रेड रिव्हर'मध्ये केस पांढरे करून वेनला म्हातारा बनवावे लागले होते. 'रिओ लोबो'पर्यंत त्याची गरज उरली नव्हती.

नवखा_प्रेक्षक

मी यातला फक्त 'रिओ ब्राव्हो' पाहिला आहे, तोही मागच्या आठवड्यात. एक शंका आहे. 'शोले'वर वेस्टर्नचा मोठा प्रभाव आहे असे नेहमी वाचतो. त्यातले असरानींचे जेलर आणि जगदीप यांचा सूरमा भोपाली हे याच परंपरेतले म्हणावेत का?

पिटातला

प्रश्न चांगला आहे. माझ्या मते नाही. असरानींच्या जेलरची ठेवण चॅप्लिनच्या हुकूमशहावरून घेतलेली आहे, ती वेस्टर्नची नाही. सूरमा भोपालीचे प्रसंग चित्रपटातून उचलून वेगळे दाखवले तरी त्यांचे काही बिघडत नाही आणि मुख्य गोष्टीचेही फारसे नाही. हिंदी चित्रपटांत विनोदाचा वेगळा कप्पा करण्याची जी रीत होती तीच तिथे पाळली आहे, आणि ती तिच्या जागी झकास आहे. स्टम्पीचे प्रसंग असे उचलता येत नाहीत. तुलना करायचीच तर दोन नायकांमधली थट्टा घ्यावी लागेल. जय वीरूच्या वतीने मौसीकडे मागणी घालायला जातो तो प्रसंग हॉक्स यांना आवडला असता, असे मला उगाच वाटत आले आहे.

मंदाकिनी

'शोले' इतक्यावर ठेवावे, नाहीतर धागा परत येणार नाही.

शेवटच्या चकमकीविषयी कुणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. जो आणि डूड यांची अदलाबदल ठरते तेव्हा चान्स स्टम्पीला बरोबर घेत नाही. पाय अधू आहे, पळता येणार नाही, हे कारण तो सरळ सांगतो. स्टम्पी दुखावतो, आणि चकमक सुरू झाल्यावर न सांगता येऊन उभा राहतो, नेमका शत्रू बाजूने येणार त्या वाटेवर. विनोद असा की तो ज्या गाडीच्या आडोशाने उभा आहे ती व्हीलरची, आणि तिच्यात डायनामाईट भरलेले आहे. चान्स ओरडून सांगतो तेव्हा त्याला कळते. मग तो त्याच कांड्या शत्रूच्या कोठारावर फेकू लागतो आणि चान्स त्या नेम धरून उडवतो. दोघे पोरांसारखे खुशीत आलेले असतात.

'हाय नून'मधला (१९५२) मार्शल गावभर मदत मागत फिरतो हे हॉक्स यांना अजिबात पटले नव्हते आणि 'रिओ ब्राव्हो' हे त्याला दिलेले उत्तर आहे, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वेनचा शेरीफ मदत मागत नाही. गंमत अशी की चित्रपटभर त्याला प्रत्येक संकटातून दुसरेच कुणीतरी सोडवते : कधी डूड, कधी खिडकीतून कुंडी फेकणारी फेदर्स, म्हणजे हॉटेलात उतरलेली बाई, आणि तिच्या जोडीला तरुण बंदूकबाज कोलोराडो, आणि अखेरीस ज्याला मुद्दाम मागे ठेवले तो म्हातारा. त्या वर्षी ऑस्करसाठी या चित्रपटाला एकही नामांकन मिळाले नाही. स्टम्पीसाठी चौथे मिळायला हवे होते असे मी म्हणणार नाही. पण मागे राहायला सांगितल्यावर ब्रेननचा चेहरा जसा क्षणभर पडतो, आणि लगेच तो जे काहीतरी तिरकस बोलतो, ते पाहिल्यावर त्याला साचा म्हणणे मला कठीण जाते.

गारगोटी

मंदाकिनी यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री शेवटचा अर्धा तास पुन्हा लावला. ते चेहरा पडणे खरे आहे आणि ते छान आहे. ब्रेनन गप्प बसतो तेव्हा तो उत्तम असतो, हे माझे मूळ म्हणणे त्याने अधिकच पक्के झाले!

तरीही एकशे एकेचाळीस मिनिटांतली पंधरा मला कमी करायला दिली, तर मी ती तुरुंगातून काढणार नाही. हॉटेलातून काढीन, कार्लोसच्या वाट्याची. स्टम्पीचा झाडूही राहू द्यावा आणि डूड व कोलोराडो गात असताना स्टम्पी वाजवतो तो माउथ ऑर्गनही.

आगगाडी

झाडू आणि माउथ ऑर्गन मिळाले, आता बंदूकही त्याच्याकडेच राहू द्या. 'सपोर्ट युवर लोकल शेरीफ'विषयी (१९६९) वेगळा धागा काढतो. त्यात ब्रेननने स्वतःच्याच क्लँटनची टिंगल केली आहे, कोठडीत मुलगा आणि बाहेर खवळलेला बाप, आणि जेम्स गार्नरचा मदतनीस म्हणून जॅक एलम आहे. म्हणजे या धाग्यातले दोन म्हातारे एकाच गावात.